चित्रकलेच्या विद्यार्थ्याचा ‘स्वतःचा विषय’ : अध्यापन व मूल्यमापन यांचा विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन चित्रप्रदर्शनास दरवर्षी जाणाऱ्या प्राध्यापकास एक गोष्ट सहज जाणवते. भिंतीवर बासरी वाजविणारा कृष्ण असतो, ध्यानस्थ बुद्धाचा चेहरा असतो, उधळलेले घोडे असतात, पागोटे घातलेला सुरकुतलेला शेतकरी असतो. आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, खाली नदी व काठावर झोपडी असा देखावा तर असतोच असतो. या चित्रांतील कौशल्य पुष्कळदा वाखाणण्याजोगे असते. तथापि चित्रांखालील नावांची अदलाबदल केली, तर त्यात काही बिघडले असे कोणाच्याही लक्षात येणार नाही. हे चित्र काढणारा विद्यार्थी टँकरवर तहान भागविणाऱ्या गावातून आला आहे, की कोळीवाड्यातून, की यंत्रमागांच्या खडखडाटात वाढला आहे, याचा मागमूसही त्याच्या कागदावर नसतो.

विशेष म्हणजे, यांपैकी बरीचशी चित्रे ‘विषय ऐच्छिक’ या सूचनेखाली काढलेली असतात. विद्यार्थ्यास स्वातंत्र्य दिले आणि त्या स्वातंत्र्यात त्याने इतरांचेच विषय निवडले, ही विसंगती प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे. विद्यार्थ्यास स्वतःचा विषय नेमून देता येत नाही. परंतु नुसते मोकळे सोडल्यानेही तो त्यास सापडत नाही. तो शोधण्याची रीत शिकवावी लागते आणि त्या शोधास मूल्यमापनात स्थान द्यावे लागते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न केवळ कलामहाविद्यालयांपुरता उरलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमांतर्गत दृश्यकला व प्रयोगकला यांना श्रेयांक मिळाले आहेत. त्यामुळे कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांतील प्राध्यापकांवरही विद्यार्थ्यांच्या कलाकृतींना मार्गदर्शन करण्याची व गुण देण्याची जबाबदारी येऊ लागली आहे. भित्तिपत्रक, वार्षिकांक व युवक महोत्सव यांच्या निमित्ताने ती पूर्वीही होतीच.

‘व्यक्तिगत अर्थ’ : संकल्पनेची स्पष्टता

विद्यार्थ्याने स्वतःस अर्थपूर्ण वाटणारी कलाकृती करावी, असे म्हणताना काही गैरसमज आधी दूर करणे अगत्याचे ठरते.

पहिला गैरसमज असा की, व्यक्तिगत म्हणजे आत्मचरित्रात्मक. पुण्यात १९४९ साली जन्मलेले सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्यांचे शिक्षण वैद्यकाचे. क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी ठाण्यात दीर्घकाळ व्यवसाय केला. त्यांच्या चित्रांत मुख्यतः इतर माणसे दिसतात : कामगार, इराणी उपाहारगृहात बसलेला मनुष्य, लोकलचे प्रवासी, ठाणे-मुंबईच्या रस्त्यांवरील गर्दी. चित्रकार स्वतः क्वचितच दिसतो. तरीही ही चित्रे अन्य कोणाची असू शकत नाहीत, कारण त्यांतील पाहण्याची जागा व पाहणाऱ्याची आस्था ही त्यांची स्वतःची आहे.

दुसरा गैरसमज असा की, व्यक्तिगत म्हणजे भावनेचा उद्रेक. भावना उत्कट असूनही चित्र सांकेतिक राहू शकते. दुःख दाखविण्यासाठी गुडघ्यांत डोके घालून बसलेली आकृती व काळी पार्श्वभूमी वापरणाऱ्या विद्यार्थ्याचे दुःख खरे असेल. परंतु ते दाखविण्याची चिन्हे उसनी असतात.

तिसरा गैरसमज असा की, व्यक्तिगत अर्थ आणि कौशल्य हे परस्परांचे शत्रू आहेत. वस्तुतः सांगण्यासारखे काही सापडले की विद्यार्थ्यास कौशल्याची गरज अधिक तीव्रतेने भासते. आजीचे हात काढावयाचे ठरविलेल्या मुलीस हातांच्या शरीररचनेचा अभ्यास करण्यास सांगावे लागत नाही. ती तो आपण होऊन करते.

यावरून एक कामचलाऊ व्याख्या करता येईल. ज्या कलाकृतीतील विषय, माध्यम आणि मांडणी यांबाबत ‘हेच का?’ असे विचारले असता विद्यार्थी स्वतःच्या पाहण्यातून उत्तर देऊ शकतो, ती कलाकृती त्याच्यापुरती अर्थपूर्ण होय.

अनुकरणाची परंपरा आणि तिची मर्यादा

आपल्याकडील कलाशिक्षणाची घडण अनुकरणातून झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेत आरेखन, नमुन्यावरून रेखाटन आणि कारागिरी यांवर भर होता. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तेथील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. या कामातून विद्यार्थ्यांना एका थोर परंपरेचा हाताने परिचय झाला. त्यामुळे अनुकरणास सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. उत्तम चित्राची नक्कल करणे म्हणजे ते सावकाश वाचणे होय.

अडचण उद्भवते ती अनुकरण हेच अंतिम साध्य झाल्यावर. शालेय पातळीवरील शासकीय रेखाकला परीक्षांतील ‘स्मरणचित्र’ हा विषय या दृष्टीने विचारात घ्यावा. त्याच्या नावातच व्यक्तिगत अनुभवाचे आश्वासन आहे. बाजार, बसस्थानक, पावसाळी दिवस असे काही तुम्ही पाहिले आहे, ते आठवून काढा, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी विद्यार्थी आपल्या गावचा बाजार न आठवता मार्गदर्शक पुस्तिकेतील बाजार आठवून काढतो. छत्री धरलेली आकृती उजवीकडे, हातगाडी डावीकडे, मागे तीन दुकाने, अशी घडी त्याच्या हातात बसविलेली असते. स्मरणाची परीक्षा होते खरी. परंतु ते स्मरण दुसऱ्याच्या चित्राचे असते. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी ही सवय सोबत घेऊन येतो. अशा वेळी त्यास ‘ऐच्छिक विषय’ दिला की तो सुरक्षित व मान्यताप्राप्त विषयाकडे वळतो, यात त्याचा दोष फारसा नाही.

या सवयीला आता एक नवे परिमाण लाभले आहे. भ्रमणध्वनीवर हव्या त्या विषयाची तयार चित्रे क्षणात मिळतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने बासरीवाल्या कृष्णाची नवीकोरी चित्रे मागाल तितकी तयार करून देतात. सफाईदार पण कोणाचेही नसलेले चित्र आता सर्वांत स्वस्त झाले आहे. त्यामुळे विद्यार्थ्याने स्वतः काय पाहिले, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा ठरतो.

तीन उदाहरणे : शांतिनिकेतन, बडोदे, मुंबई

स्वतःचा विषय शोधण्यास पोषक वातावरण कसे असते, हे समजून घेण्यासाठी भारतीय कलाशिक्षणातील तीन ठिकाणांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

शांतिनिकेतन येथे १९१९ साली कलाभवन सुरू झाले आणि पुढे नंदलाल बोस यांनी दीर्घकाळ त्याची धुरा वाहिली. भोवतालची माणसे, झाडे, जनावरे यांची नित्य रेखाटने हा तेथील शिक्षणाचा भाग होता. नंदलाल स्वतः लहान कार्डांवर सतत रेखाटने करीत व ती विद्यार्थ्यांना आणि सुहृदांना पाठवीत. याच वातावरणात वाढलेले रामकिंकर बैज यांनी १९३८ साली ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प घडविले. चिजवस्तू घेऊन स्थलांतरास निघालेले स्त्री-पुरुष, मुले व सोबत कुत्रा असा त्याचा विषय. आणि साहित्य संगमरवर वा ब्राँझ नसून सिमेंट व त्या परिसरातील तांबडी जांभ्याची खडी. जो विषय रोज डोळ्यांसमोरून जात होता, त्यास त्याच मातीचे माध्यम मिळाले. नंदलाल यांच्या चित्रशैलीशी या शिल्पाचे साम्य शोधूनही सापडणार नाही. शिक्षकाचे यश येथे विद्यार्थ्याच्या वेगळेपणात दिसते.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली. तेथील चित्रकला विभागाची उभारणी मूळचे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांनी केली. शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाम मोहंमद शेख, जी. आर. संतोष हे तेथील सुरुवातीच्या काळातील विद्यार्थी. आणि यांपैकी कोणा दोघांच्या कलाकृती एकमेकांसारख्या नाहीत. शेख यांचे ‘रिटर्निंग होम आफ्टर लाँग ॲबसन्स’ हे चित्र (१९६९–७३) विशेष लक्षणीय आहे. सुरेंद्रनगरात वाढलेल्या या चित्रकाराने बडोदे व लंडन येथील शिक्षणानंतर आपली आई, आपले घर-मोहल्ला व मशीद चित्रात आणली, आणि त्यांच्यासोबत इराणी लघुचित्रांतील प्रतिमाही आणल्या. घर चित्रात येण्यासाठी घरापासूनचे अंतर आणि परंपरेचा अभ्यास ही दोन्ही आवश्यक ठरली, हे येथे ध्यानात घ्यावे.

मुंबईतील उदाहरण प्रभाकर बरवे यांचे. १९३६ साली नागाव येथे जन्मलेल्या बरवे यांनी सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि पुढे विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षे काम केले. बनारसमधील वास्तव्यात त्यांच्यावर तांत्रिक प्रतिमांचा प्रभाव पडला. परंतु ते तेथे थांबले नाहीत. घड्याळ, किल्ली, पान, फळ अशा साध्या वस्तूंकडे ते वळले आणि त्या वस्तूंमधील रिकाम्या जागेचा त्यांनी सातत्याने शोध घेतला. या शोधाच्या त्यांनी वह्या ठेवल्या. त्यांचा ‘कोरा कॅनव्हास’ हा मराठी ग्रंथ याच चिंतनशील वृत्तीचे फळ होय. बरवे यांचा ‘स्वतःचा विषय’ कुटुंब किंवा गाव नव्हता. वस्तू व अवकाश यांचे नाते हा तो विषय होता. अमूर्त कामही तितकेच व्यक्तिगत असू शकते, याचा हा पुरावा आहे.

कोणाचा अनुभव चित्रयोग्य?

विद्यार्थी आपले जग चित्रात आणत नाही, याचे कारण प्रत्येक वेळी आळस किंवा सवय नसते. ‘आमच्या घरात चित्र काढण्यासारखे काही नाही’ हे वाक्य अनेकदा संकोचातून येते आणि त्या संकोचास सामाजिक कारणे असतात.

मराठीच्या प्राध्यापकांना यातील साम्य चटकन ओळखू येईल. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी साहित्यात केवळ नवे विषय आले नाहीत. कोणते जीवन वाङ्मयास योग्य आणि कोणती भाषा शिष्ट, याविषयीची समजूतच बदलली. दृश्यकलेत असे प्रयत्न झाले आहेत. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यता व देवदासी प्रथा हे विषय चित्रे व मुद्राचित्रे यांतून मांडले. तथापि महाविद्यालयीन प्रदर्शनांतील विषयसूचीवर या घडामोडींचा परिणाम मर्यादितच राहिला आहे.

वारली चित्रांचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. पालघर परिसरातील जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांनी लग्नविधीतील चौकाच्या पलीकडे जाऊन शेती, मासेमारी, पाड्यावरील व्यवहार असे रोजचे जीवन वारली रेषेत आणले. ती रेषा त्यांच्या समाजाची आणि ते जीवनही त्यांचे स्वतःचे. त्याच त्रिकोणी आकृती शहरातील विद्यार्थी कुंडीवर, पिशवीवर व स्नेहसंमेलनाच्या फलकावर नकलतो, तेव्हा मूळ अर्थ गळून केवळ नक्षी उरते. वारली विद्यार्थ्याने आपल्या रेषेचे काय करावे, हा निर्णय त्याचा. इतरांनी मात्र ‘माझ्या अंगणात अशी कोणती खूण आहे?’ असे स्वतःस विचारणे अधिक फलदायी ठरेल.

अध्यापनाची रीत

आता प्रत्यक्ष वर्गातील कृतीकडे वळू. पुढील गोष्टी कोणत्याही विशेष साधनसामग्रीवाचून करता येतात.

(१) प्रश्न विचारणे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीने ‘आई’ हा विषय निवडला आणि मांडीवर बाळ घेतलेल्या, डोक्यावर पदर असलेल्या स्त्रीचे रेखाटन आणले. त्यावर ‘हे सांकेतिक आहे’ असा शेरा मारल्याने ती खट्टू होईल, इतकेच. त्याऐवजी शिक्षकाने विचारावे : ‘तुझ्या आईला तू दिवसात कोणत्या वेळी पाहतेस?’ विद्यार्थिनी सांगते की, आई रुग्णालयात ‘मावशी’ म्हणून रात्रपाळी करते आणि आपण दुपारी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते. ‘खोलीत उजेड किती असतो?’ उजेड येऊ नये म्हणून खिडकीला जुनी साडी बांधलेली असते. ‘तू कोठे बसतेस?’ दाराशी, आवाज न करता. या तीन उत्तरांत चित्र आले : भर दुपारी झोपलेली स्त्री, साडीतून गाळून येणारा रंगीत उजेड, आणि दारातून पाहणारी नजर. शिक्षकाने यात एकही कल्पना पुरविलेली नाही. त्याने केवळ ‘आई’ या सामान्यनामाकडून एका विशिष्ट दुपारकडे जाण्याची वाट दाखविली. कधी, कोठून, किती उजेडात, हातात काय, आवाज कोणता, असे साधे प्रश्न ‘तुला काय वाटते?’ या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

(२) कार्यवही. विद्यार्थ्याने रोज एक पान भरावे. त्यात रेखाटन असेल, ऐकलेले वाक्य असेल, चिकटवलेले तिकीट किंवा कापडाचा तुकडा असेल. या पानांना गुण देऊ नयेत. वही नियमित आहे एवढेच पाहावे. दोन-तीन महिन्यांनी विद्यार्थ्यास आपली वही सलग चाळण्यास सांगावे आणि कोणती गोष्ट पुनःपुन्हा आली आहे, ते त्याने स्वतः शोधावे. एखाद्याच्या वहीत नकळत पायऱ्याच पायऱ्या सापडतील, दुसऱ्याच्या वहीत बंद दुकाने. विषय बहुधा असाच, आधी हाताला व मागाहून मनाला सापडतो.

(३) मालिका. एका विषयावर एकच चित्र मागितल्यास विद्यार्थी पहिल्या कल्पनेवर थांबतो, आणि पहिली कल्पना बहुधा उसनी असते. त्याच विषयाची लहान आकाराची दहा चित्रे मागितल्यास तिसऱ्या-चौथ्या चित्रानंतर पाठ असलेले संपते आणि पाहणे सुरू होते.

(४) माध्यमाचा विचार. शालेय सवयीमुळे जलरंग व चौकोनी कागद हेच चित्र, अशी समजूत असते. संथाळ कुटुंबाच्या शिल्पाचे उदाहरण येथे सांगावे आणि विद्यार्थ्याच्या भोवती कोणते साहित्य सहज उपलब्ध आहे, याची चर्चा करावी. मात्र नावीन्यासाठी माध्यम बदलण्याची सक्ती नसावी.

(५) परंपरेचा परिचय. स्वतःचा विषय सापडलेल्या विद्यार्थ्यास तशाच शोधातील अन्य कलावंतांची कामे दाखवावीत. झोपलेल्या आईचे चित्र काढणाऱ्या मुलीस इतर चित्रकारांनी काढलेल्या झोपलेल्या आकृती पाहावयास मिळाल्या, तर तिची नक्कल करण्याची शक्यता कमी आणि शिकण्याची शक्यता अधिक असते, कारण आता तिला स्वतःचा प्रश्न आहे.

काही सावधगिरी

व्यक्तिगत कामाचा आग्रह धरताना शिक्षकाने आपल्या अधिकाराची जाणीव ठेवली पाहिजे. विद्यार्थ्यास घरातील व्यथा वर्गापुढे मांडावयास लावणे, हे त्याच्यावर आक्रमण आहे. मूळचे मुंबईचे व व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेले भूपेन खख्खर १९६२ साली बडोद्यास गेले. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ (१९७२) सारख्या चित्रांत त्यांनी प्रथम छोट्या दुकानदारांचे जग रंगविले. आपल्या समलैंगिकतेविषयी त्यांची चित्रे उघडपणे बोलू लागली ती १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्राच्या सुमारास. सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट चित्रात येण्यास प्रौढ कलावंतासही इतका काळ लागू शकतो. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून ती एका सत्रात मागण्याचा अधिकार आपणांस नाही. काय सांगावयाचे आणि काय राखून ठेवावयाचे, हे विद्यार्थ्याने ठरवावे. त्याच्या बोलण्यातून गंभीर मानसिक त्रास जाणवल्यास चित्रावरील चर्चा थांबवून समुपदेशकाची मदत मिळवून देणे हेच शिक्षकाचे कर्तव्य होय.

दुसरी सावधगिरी अशी की, ग्रामीण किंवा गरीब विद्यार्थ्याने आपल्या दारिद्र्याचेच चित्र काढावे, ही अपेक्षाही एक साचाच आहे. त्यास मोटारसायकलचे इंजिन किंवा जपानी चित्रकथा मनापासून आवडत असतील, तर तोही त्याचा विषय असू शकतो. तेथेही प्रश्न तेच विचारावेत : इंजिनाचा कोणता भाग, कोणाच्या गॅरेजमध्ये, कोणत्या वेळी पाहिलेला?

मूल्यमापन

वरील सर्व प्रयत्न अखेरीस गुणपत्रिकेपाशी येऊन अडतात. बाह्य परीक्षक मांडलेल्या कागदांवरून झपाझप पुढे जातो. त्यात सफाईदार कृष्ण जिंकतो आणि अडखळत काढलेली झोपलेली आई हरते. विद्यार्थी हे पाहतो आणि पुढल्या वर्षी कृष्णाकडे वळतो.

यावर उपाय म्हणून, जेथे अंतर्गत मूल्यमापनाचे स्वातंत्र्य आहे तेथे शंभर गुणांची पुढीलप्रमाणे विभागणी सुचवावीशी वाटते : पूर्वतयारीची रेखाटने व मालिका ३०, माध्यमावरील प्रभुत्व ३०, अंतिम कलाकृतीची मांडणी २५ आणि विद्यार्थ्याचे पाच मिनिटांचे तोंडी निवेदन १५. तोंडी निवेदनात भाषेची सफाई पाहू नये. ‘हा रंग येथे का?’ या प्रश्नास विद्यार्थी कामाकडे बोट दाखवून उत्तर देतो की नाही, एवढेच पाहावे. विषय किती दुःखद किंवा उदात्त आहे, यास एकही गुण नसावा. अन्यथा विद्यार्थी लवकरच गुण मिळविणारी दुःखे शिकून घेतील.

समारोप

स्वतःस अर्थपूर्ण वाटणारी कलाकृती ही प्रतिभावंतांची मिरासदारी नसून ती नेमके पाहणे, नोंद ठेवणे, पुन्हा काढून पाहणे आणि आपल्या निवडीचे उत्तर देता येणे, या शिकविण्याजोग्या सवयींतून घडते. यांतील बहुतेक विद्यार्थी पुढे व्यावसायिक चित्रकार होणार नाहीत. कोणी शिक्षक होतील, कोणी दुकान चालवतील, कोणी कार्यालयात काम करतील. परंतु आपण जेथे राहतो ती खोली, तेथील माणसे आणि तेथला उजेड हे पाहण्याच्या योग्यतेचे आहे, हा विश्वास त्यांना पदवीच्या तीन-चार वर्षांत मिळाला, तर तो आयुष्यभर पुरेल. ‘आमच्या घरात चित्र काढण्यासारखे काही नाही’ असे म्हणत आलेल्या विद्यार्थिनीने वर्षअखेरीस ती दुपार कागदावर आणली आणि घरी नेऊन आईस दाखविली, तर त्या चित्रास मिळालेली श्रेणी ही दुय्यम बाब ठरते.